कायबाची फळी

माझं काम नेमकं काय, हे माझ्या सासूबाईंना इतक्या वर्षांत कळलेलं नाही. "शिकवत नाई, सायेब बी नाई, मंग दिवसभर स्कुटीवर करून काय राह्यली तू?" जेवायला बसल्या की हा प्रश्न ठरलेला. त्यांना पटेल असं उत्तर मलाही अजून सापडलेलं नाही. कागदावर मी साधन व्यक्ती आहे. म्हणजे आधी शिक्षिका होते, आता शिक्षकांना मदत करते. गावोगावच्या जिल्हा परिषदेच्या शाळांत जायचं, वर्गात मागच्या भिंतीला टेकून बसायचं, कुठं अडतंय ते पाहायचं, एका शाळेतलं चांगलं दुसऱ्या शाळेपर्यंत पोचवायचं. निघताना शेरेबुकात चार ओळी लिहायच्या आणि मुख्याध्यापकांनी मागवलेला चहा प्यायचा. चहाला नाही म्हटलं तर त्यांना वाटतं, शेरा वाईट आहे.

मला हे काम आवडतं ते वेगळ्याच कारणानं. मी जन्माची चौकस. पुलगावात लहानपणी घरी पाहुणा आला की आई आधी मला अंगणात पिटाळायची, कारण मी त्याला सुखानं घास गिळू देत नसे. हे काय, ते काऊन, तुमच्या विहिरीचं पाणी गोड की मचूळ. अशा बाईला दुसऱ्याच्या वर्गात बसून नुसतं बघायचा पगार मिळतो म्हटल्यावर आणखी काय पाहिजे? शिक्षकांना मी आले की तपासणी वाटते. मला सर्कस वाटते, आणि तीही फुकट.

ही गोष्ट हिंगणीच्या पुढच्या एका शाळेची. जंगलाच्या अंगाला दोन खोल्यांची शाळा, चार वर्ग, मुख्याध्यापक धरून शिक्षक दोनच. गावातली पोरं शेतकऱ्यांची, आणि नाल्यापलीकडं गोंडांची टोली आहे, दहा-पंधरा घरांची वस्ती, तिथली पोरं घरी त्यांच्या भाषेत बोलतात आणि शाळेत बहुतेक वेळ गप्प असतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ऑगस्ट चालू होता. तिसरी-चौथीच्या मॅडम म्हणजे तिशीची, बारीक आवाजाची बाई. खिडकीखाली विटांच्या दोन थप्प्यांवर जुन्या बाकाची फळी टाकलेली, तिच्यावर शाईचा मोठा डाग. फळीवर काय नव्हतं? कसली तरी कवटी, साळींदराचा काटा, तीन रंगांची माती, एक गंजका तुकडा जो नांगराचा असेल किंवा तोफेचाही. माझे कान टवकारलेच.

दुपारच्या सुट्टीनंतर गावातला एक पोरगा उठला. त्यानं खिशातून अंड्याएवढी, मातकट रंगाची, देठ असलेली एक वस्तू काढली, फळीवर ठेवली, "काय बा?" एवढंच म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला.

मी वाट पाहिली. आता मॅडम सांगतील. मॅडम म्हणाल्या, "मले नाई माहीत."

मी हळूच विचारलं, "खरंच नाही माहीत?"

"माहीत असलं तरी सांगाचं नाई. तो नियम हाये," त्या म्हणाल्या. "इथं मॅडमनं सांगाचं नाई."

मग जी काही जुंपली, काय सांगू. एक म्हणे अंडं. दुसरा म्हणे अंड्याले देठ असते काय बे, हे फळ हाये. तिसरीनं वास घेतला आणि बी म्हणून निकाल दिला. एकाला दगडानं फोडून बघायचं होतं. मला स्वतःला माहीत होतं काय? छे. मीही मान पुढं काढून बघत होते. तेवढ्यात मागच्या ओळीतून एक मुलगी उठली. चौथीतली, टोलीवरची, केसांना तेल आणि फ्रॉकला दोन रंगांची बटणं. तिनं ती वस्तू उचलली, उलटी केली आणि देठाजवळचं भोक सगळ्यांना दाखवलं.

"अंडं नाई. घर हाये," ती म्हणाली. "आतला निंगून गेला."

मग तिनं सांगितलं की हा कोसा, ऐनाच्या झाडाले लागते, पाणी पडलं का आतलं पाखरू भोक पाडून निंगते, भोक पडलेल्या कोशाचं रेशीम निंगत नाई म्हणून तो बाप घरी आणत नाई. तिच्या भाषेतलं नावही सांगितलं. मी ते तीनदा म्हणून पाहिलं, तीनही वेळा पोरं हसली. ती मुलगीही हसली, तोंडावर हात ठेवून. मॅडम मात्र फळ्याकडं तोंड करून उभ्या होत्या. डोळे पुसत होत्या, हे मला पाठीवरूनच कळलं.

नंतर व्हरांड्यात त्यांनी सांगितलं. ही मुलगी तिसरीत आल्यापासून वर्गात एक शब्द बोललेली नव्हती. वाचते की नाही ते कळत नव्हतं, कारण वाच म्हटलं की ती पुस्तकाकडं बघत राहायची. हिची मोठी बहीणही अशीच. आधीच्या गुरुजींनी त्या बहिणीचं नाव यादीत टाकलं. ज्या मुलांची वेगळी तपासणी करून घ्यायची, त्यांची यादी दर डिसेंबरात जाते. हेतू चांगलाच असतो. पण शहरातल्या दवाखान्यात नेऊन डोकं तपासणार, असं टोलीवर कळलं आणि बापानं पोरीला शाळेतून काढलं ते काढलंच. ती आता बकऱ्या चारते.

"आता सर म्हणते, हिचंबी नाव द्या," मॅडम म्हणाल्या. "मी म्हटलं सर, डिसेंबरपर्यंत थांबा. एकदा नाव गेलं का हेबी बकऱ्यांमागंच जाईन."

"आणि ही फळी? ही कुठून काढली?"

त्या जरा लाजल्या. "मी आष्टीकडची. आमच्याकडं सारी शेतं. जंगलातलं मले काय समजते? पोरं हातात काहीबाही घेऊन येत आणि विचारत. मी म्हणो, मले नाई माहीत. मंग टोलीवरच्याईनं सांगाले सुरुवात केली. मले दिसलं, मले माहीत नसलं का ते बोलते. म्हणून फळीच टाकली."

मी त्या दिवशी घरी परतले ती हवेतच. शेरेबुकात चारऐवजी पानभर लिहिलं. त्या महिन्याच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे आजूबाजूच्या शाळांचे सगळे शिक्षक महिन्यातून एकदा जमतात तिथं, मी हातवारे करून फळीची गोष्ट सांगितली. लोक खरंच ऐकत होते, एरवी त्या वेळेला अर्धे मोबाईलमध्ये असतात. तालुक्याचे शिक्षणाधिकारी साहेबही खूश. म्हणाले, "मॅडम, सगळ्या शाळांसाठी याचा नमुना करून द्या."

इथं मी माती खाल्ली. दोष साहेबांचा नाही, आणखी कुणाचाही नाही, नमुना माझ्या हातचा आहे. मी मोठ्या हौसेनं बसले. पोरांचं 'कायबाची फळी' हे नाव कागदावर कसंतरीच दिसायला लागलं, म्हणून 'जिज्ञासा कोपरा' केलं. कोपऱ्यात वस्तू किती, ते ठरवलं. प्रत्येक वस्तूला एक कार्ड, कार्डावर नाव, आढळ, उपयोग, असे रकाने आखले. फोटो कुठून काढायचा, तेसुद्धा लिहिलं. आणि जो खरा नियम होता, मॅडमनं सांगायचं नाही, तो गाळला. विसरले नव्हते, समजून-उमजून गाळला. सरकारी कागदावर कसं लिहिणार, की शिक्षकांनी 'मला माहीत नाही' असे म्हणावे? मलाच हसू आलं. खाली माझं नाव आलं, तर त्याचा फोटो सासूबाईंना दाखवला. "बघा, हे करते मी." त्यांनी चष्मा लावून नीट पाहिला आणि म्हणाल्या, "म्हंजे पोराईले काम लावलं तू." मला राग आला होता.

तो नमुना तालुक्यातून जिल्ह्यात गेला. दिवाळीनंतर डी.एड.च्या वेळची मैत्रीण फोनवर म्हणाली, "बाई, तुझ्या त्या कोपऱ्यानं जीव खाल्ला माझा. पाचच्या आत फोटो टाका, पाचच्या आत फोटो टाका." मला वाटलं, ही पहिल्यापासून आळशीच. मग मी शाळा बघत निघाले आणि बघतच राहिले. टेबलं, टेबलांवर झालरीचे कपडे, वर रंगीत अक्षरं, पुढं सुतळी बांधून 'हात लावू नये'. आणि प्रत्येक शाळेत एक तारामासा. आमच्या जिल्ह्यातून समुद्र कुठं आणि आम्ही कुठं, पण एकही कोपरा तारामाशावाचून नाही. पुलगावच्या एका दुकानात कोपऱ्याचा तयार संच मिळायला लागला होता, कार्डांसकट. आम्हा सगळ्यांपेक्षा दुकानदारच हुशार निघाला.

एका शाळेत मी एका पोराला विचारलं, "हे काय रे?" त्यानं डोळे मिटून घडाघडा कार्ड म्हटलं, नाव, आढळ, उपयोग. "आणि हे तू कुठं पाहिलंस?" "पुलगावले. दुकानात." मी मोठ्यानं हसले. स्कुटी सुरू करेपर्यंत हसू उतरलं होतं. आता हिंगणीपुढच्या माझ्या त्या शाळेत काय झालं असेल, हा विचार तेव्हा पहिल्यांदा आला. आधी कसा आला नाही, याचंच मला नवल वाटतं. इतरांना एवढे प्रश्न विचारणारी मी.

डिसेंबरातल्या एका सकाळी तिथं पोचले. फळी नव्हती. टेबल होतं, निळा कपडा होता, आणि मॅडमच्या देखण्या अक्षरात कार्डं लावून सगळ्या वस्तू एका रांगेत बसल्या होत्या. कोसाही होता. 'रेशीम कोश. आढळ: ऐनाचे झाड.' पोरं हाताची घडी घालून गप्प. मागची मुलगी खिडकीबाहेर बघत होती.

"बोलते का ती?" मी विचारलं.

मॅडमनी मान हलवली. "दिवाळीपासून नाई. बोलाले काई उरलंच नाई तिले. सारं लिहिलेलं हाये." मग त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तुमीच तर पाठवलं, मॅडम. मले वाटलं, तुमाले असं पायजे."

मी फुलपात्रभर पाणी प्यायले आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. त्यांच्यासमोर यादी पडली होती. दोन नावं पेनानं लिहिलेली, तिसरं पेन्सिलनं. ते तिचं होतं.

"मॅडमच्या शब्दाखातर पेन्सिलनं लिहिलं," सर म्हणाले. "पण आज चार वाजेपर्यंत द्याची हाये. मी काय वैरी आहो का पोरीचा? पण उद्या कोणी म्हटलं, पोरगी वर्गात बोलत नाई आणि तुमी झोपले होते काय, तर सही माझी हाये."

त्यांचंही खोटं नव्हतं. मी म्हटलं, "चारपर्यंत थांबा सर." तसं म्हणायला माझ्या हातात काय होतं, देव जाणे.

रागावले की मला बसवत नाही, आणि स्वतःवर रागावले की अजिबातच नाही. मी सरळ खिचडीच्या शेडमध्ये गेले. शाईच्या डागाची फळी तिथं होती, तिच्यावर स्वयंपाकाच्या मावशींनी ताटल्यांची चळत लावली होती. "मॅडमनंच देल्ली, आता नाई लागत म्हने," मावशी म्हणाल्या. "आता मी ताटल्या कुठी ठेवू?" मी म्हटलं, माझ्या डोक्यावर ठेवा. फळी ओढत वर्गात आणली, विटा गोळा केल्या, निळा कपडा काढला आणि एकेक कार्ड ओढून खाली टाकलं. पोरं डोळे फाडून बघत होती. मोठ्या मॅडम पागल झाल्या, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलं होतं. मॅडमनी अडवलं नाही. कार्डं लिहायला त्यांना चार दिवस लागले असतील.

मग मी भिंतीला टेकून बसले आणि वाट पाहिली. मला वाटलं होतं, कार्डं काढली की झालं. एका शहाण्या पोरानं माझं मन राखायला कोसा उचलून फळीवर ठेवला आणि म्हणाला, "काय बा?" अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "रेशीम कोश, आढळ ऐनाचे झाड." तोंडपाठ. पोरीनं ओठसुद्धा हलवले नाहीत. कार्डं फाडता येतात, पोरांच्या डोक्यात बसलेली कशी काढायची?

खिचडीची सुट्टी झाली. माझ्या ताटलीतली तशीच राहिली. सुट्टीनंतर मॅडमनी भागाकार घेतला, कारण शेवटी भागाकारही व्हायला पाहिजे. तीन वाजून गेले. सर एकदा दारातून डोकावले, माझ्याकडं बघितलं, परत गेले. मी मनातल्या मनात सही कशी अडवायची याची कारणं जुळवत होते आणि एकही धड जुळत नव्हतं.

तेव्हा ती उठली. आधी मला वाटलं, पाणी प्यायला निघाली. ती कोपऱ्यात पडलेल्या कार्डांच्या ढिगापाशी गेली, वाकली, त्यातलं एक उचललं, अंगावरच्या फ्रॉकला पुसलं आणि फळीवर ठेवलं. आजवर तिनं फळीवर काहीच ठेवलेलं नव्हतं. तिला ठेवायची गरज नसायची, ती सांगणारी होती. ठेवून झाल्यावर ती माझ्याकडं वळली.

"काय बा?" ती म्हणाली.

मग तो कोसेवाला पोरगा म्हणाला, "कार्ड हाये ते. कोशाचं."

"ते मले वाचता येते," ती म्हणाली. "पन काऊन हाये? आमाले तं मालूम होतं. कोनासाठी लिवलं हे?"

पोरं मॅडमकडं बघायला लागली. मॅडम नियमाप्रमाणं गप्प. मग एकेक करून सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, कारण एवढं सगळ्यांना ठाऊक होतं की कार्डाची कल्पना मोठ्या मॅडमची. मला उत्तर द्यायची किती सवय. तालुकाभर हिंडून मी उत्तरंच वाटत असते. पण खरं उत्तर असं होतं की ते साहेबांसाठी लिहिलं होतं, फोटोसाठी लिहिलं होतं, आणि थोडं सासूबाईंना दाखवायला. दहा वर्षांच्या पोरीला हे सांगायची मला लाज वाटली, आणि तिनं विचारलं याचा आनंदही झाला.

"मले नाई माहीत," मी म्हटलं.

ती थांबली, जरा विचार केला, आणि इतरांकडं वळून म्हणाली, "कोनाले मालूम हाये?" तीन हात वर झाले. एक म्हणे, नवीन पोरगा आला तर त्याच्यासाठी. दुसरी म्हणे, साळंत सायेब येते त्याईले काईच मालूम नसते, त्याईच्यासाठी. ती प्रत्येकाला उलटा प्रश्न करत होती. मॅडम फळ्याकडं तोंड करून उभ्या होत्या, ऑगस्टात उभ्या होत्या तशाच.

दार अडवून सर उभे होते. कधीपासून, कोण जाणे. हातात यादी होती. त्यांनी खिसे चाचपले, पेनापेन्सिलीशिवाय काही निघालं नाही.

"रबर हाये का रे कोनापाशी?" त्यांनी वर्गाला विचारलं.

तिच्या दप्तरात होतं. ती ते घेऊन त्यांच्यापर्यंत गेली, पण लगेच दिलं नाही.

"काय खोडाचं हाये, सर?"

"काई नाई बेटा," सर म्हणाले. "एक नाव चुकून लिहिलं होतं मी."

"कोनाचं?" तिनं विचारलं.